उघड्या दाराची किंमत कोणी मोजावी?

२१ ऑक्टोबर २०१६ रोजी अमेरिकेत, विशेषतः पूर्व किनाऱ्यावर, ट्विटर, नेटफ्लिक्स यांसारखी संकेतस्थळे कित्येक तास नीट उघडत नव्हती. संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणाऱ्या 'डिन' या कंपनीवर हल्ला झाला होता. त्यासाठी हल्लेखोरांनी वेठीस धरली होती ती सामान्य कुटुंबांच्या घरातील कॅमेरे, राउटर यांसारखी उपकरणे. 'मिराई' नावाची त्यांची आज्ञावली कारखान्यातच ठरलेले सुमारे ६० परवलीचे शब्द एकामागून एक लावून पाही. दार उघडण्यास तेवढे पुरे होई.

या घरमालकांना घडल्या प्रकाराचा बहुधा पत्ताही नव्हता. त्यांचे इंटरनेट चालूच होते. येथेच प्रश्न तंत्रज्ञानाचा न राहता अर्थशास्त्राचा होतो. धुराडे गिरणीमालकाचे आणि खोकला शेजाऱ्याला, अशा स्थितीत बाजारभावात खरा खर्च उतरत नाही, हे पिगू यांनी १९२० साली मांडले. त्यात भर अशी की, राउटर सुरक्षित आहे की नाही हे गिऱ्हाइकाला दुकानात ओळखता येत नाही. गुण दिसत नसेल तर त्याची जादा किंमत कोण देणार? मग चांगला माल मागे पडतो, हे अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखवून दिले होते.

यावर, 'ग्राहकाने परवलीचा शब्द बदलावा,' असे सांगितले जाते. तो बदलावा, यात वाद नाही. परंतु एवढ्याने भागत नाही. नोव्हेंबर २०१६ मध्ये जर्मनीत डॉइच टेलिकॉमच्या सुमारे ९ लाख ग्राहकांचे राउटर बंद पडले. तो हल्ला राउटरची दुरून देखभाल करण्यासाठी ठेवलेल्या वाटेने आला होता. तेथे ग्राहक काय करणार होता? आपल्याकडे तर राउटर बहुधा सेवा देणारी कंपनीच बसवून देते. ज्याच्या हाती निवड नाही, त्याच्यावर जबाबदारी लादणे न्याय्य नव्हे आणि उपयोगाचेही नव्हे.

ब्रिटनने यातून मार्ग काढला आहे. २९ एप्रिल २०२४ पासून तेथे सहज ओळखता येईल असा सरसकट परवलीचा शब्द देऊन अशी उपकरणे विकण्यास मनाई आहे, आणि सुरक्षा-दुरुस्त्या किमान किती काळ मिळतील हे उत्पादकाला जाहीर करावे लागते. कायदा मोडल्यास १ कोटी पौंड किंवा जागतिक उलाढालीच्या ४ टक्के, यांपैकी जी रक्कम मोठी असेल तेथपर्यंत दंड होऊ शकतो.

अशा सक्तीने राउटर थोडा महागेल, हे खरे. पण स्वस्त राउटरची उरलेली किंमत आजही कोणीतरी मोजतोच. फक्त तो मोजणारा गिऱ्हाईकही नसतो आणि विक्रेताही नसतो. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तूबद्दल उत्पादकाच्या दायित्वाचे तत्त्व मान्य झालेलेच आहे. औषधाच्या बाटलीवर मुदत छापतात, तशी राउटरच्या खोक्यावर दुरुस्त्यांची मुदत छापलीच पाहिजे आणि ती पाळली न गेल्यास भुर्दंड उत्पादकावर पडला पाहिजे. ज्याने दार बनविले, कडीचा हिशेब त्यालाच विचारावा लागेल.