प्रतिमा-माहितीचे हस्तांतरण, संगणकीय
व्यवस्थापित व अव्यवस्थापित आज्ञावलींमध्ये अंकीय चित्राची माहिती न बिघडता पोहोचविण्याची पद्धती. ज्या आज्ञावलीच्या स्मृतीची व्यवस्था तिला चालविणारी प्रणाली पाहते, ती व्यवस्थापित होय, उदा., जावा व सी शार्प या भाषांतील आज्ञावली. सी, सी प्लस प्लस इ. भाषांत स्मृती मिळविणे व परत करणे ही आज्ञावलीकाराचीच जबाबदारी असते. अशा आज्ञावलीस अव्यवस्थापित म्हणतात. वैद्यकीय चित्रण, औद्योगिक कॅमेरे इ. क्षेत्रांत पडद्यावरील कामकाज पुष्कळदा पहिल्या प्रकारात, तर वेगवान गणिते व उपकरणांचे नियंत्रण दुसऱ्या प्रकारात लिहिलेले असते. त्यामुळे या दोहोंतील देवघेव टाळता येत नाही.

चित्र आकाराने मोठे असल्याने बहुधा त्याची प्रत न देता स्मृतीतील पत्ता दिला जातो. तथापि केवळ पत्ता पुरेसा नसतो. चित्र जागेवर किती काळ राहील, त्याची मांडणी कशी आहे आणि स्मृती कोणी परत करावयाची, या तीन बाबींवर उभय बाजूंचे एकमत असावे लागते.

स्थान : निरुपयोगी स्मृती आपोआप परत मिळविण्याची पद्धत जॉन मॅकार्थी यांनी १९५९ च्या सुमारास लिस्प भाषेसाठी योजिली. पुढील काळातील अनेक प्रणाली हे काम करताना उपयुक्त माहितीही हलवून एकत्र आणतात. साहजिकच आधी दिलेला पत्ता चुकीचा ठरतो. यावर उपाय म्हणजे माहिती तात्पुरती जागेवर खिळवून ठेवणे. यास पिनिंग म्हणतात. २००२ मध्ये प्रसृत झालेल्या डॉट नेट प्रणालीत बाइटांची सारणी सी भाषेतील फलनास दिल्यास ती त्या आवाहनापुरती आपोआप खिळविली जाते. फलनाने पत्ता जपून ठेवून नंतर वापरल्यास मात्र हे संरक्षण उरत नाही. या प्रणालीत ८५,००० बाइट वा त्याहून मोठ्या वस्तू सहसा हलविल्या जात नाहीत. त्यामुळे मोठ्या चित्रांवर निर्दोष भासणारी सदोष आज्ञावली लहान चित्रांवर अवचित कोलमडू शकते.

मांडणी : विंडोज प्रणालीच्या बिटमॅप चित्रात प्रत्येक ओळीची लांबी ४ बाइटांच्या पटीत ठेवतात. चित्राची रुंदी १,००१ पिक्सेल व प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट असल्यास ओळीत ३,००३ बाइट माहिती असते. परंतु पुढील ओळ ३,००४ बाइटांनंतर सुरू होते. या अंतरास स्ट्राइड म्हणतात. ते दुर्लक्षिल्यास प्रत्येक ओळीगणिक एका बाइटाची चूक साचत जाऊन चित्र तिरपे व विरंगी दिसते. काही चित्रे तळाच्या ओळीपासून साठविलेली असतात, तर काहींत रंगांचा क्रम निळा, हिरवा, तांबडा असा असतो. म्हणून पत्त्यासोबत रुंदी, उंची, स्ट्राइड व पिक्सेलचा प्रकार कळविणे आवश्यक ठरते. मर्यादेबाहेर लिहिले गेल्यास शेजारची माहिती नकळत बिघडते. दोष मात्र पुढे भलत्याच ठिकाणी प्रकट होतो.

स्वामित्व : जिने स्मृती मिळविली त्याच बाजूने ती परत करावी, हा सामान्य नियम होय. डॉट नेटमध्ये बाहेरच्या स्मृतीवर बिटमॅप रचता येतो. अशा वेळी तो बिटमॅप निकालात निघेपर्यंत मूळ स्मृती राखावी लागते. ती आधी परत केल्यास पडद्यावर अवशिष्ट वा परकी माहिती उमटण्याचा संभव असतो.

पद्धतीची निवड : प्रत काढणे सर्वांत सुरक्षित, पण खर्चिक असते. १,९२० × १,०८० पिक्सेलच्या व प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट असलेल्या चित्रास ८२,९४,४०० बाइट लागतात; सेकंदाला ३० चित्रांच्या प्रती काढल्यास सुमारे २५ कोटी बाइट हलवावे लागतात. एखाद-दुसऱ्या चित्रासाठी प्रत, अल्पकालीन कामासाठी पिनिंग व अखंड चित्रप्रवाहासाठी आरंभीच राखून ठेवलेली अव्यवस्थापित स्मृती सोयीची असते. दीर्घकाळ खिळविलेल्या वस्तूंमुळे उर्वरित स्मृतीचे तुकडे पडतात.

जावाच्या २२ व्या आवृत्तीत (२०२४) बाह्य स्मृतीची मर्यादा व आयुष्य तपासणारी सोय कायम करण्यात आली. तथापि पत्ता सी भाषेतील फलनाच्या हाती गेल्यावर ही तपासणी लागू पडत नाही. तेथे उभयपक्षी ठरलेला संकेतच माहितीचे रक्षण करतो.