दोन इंचांचा हिशेब
चार चाकं, मोकळं रान : भाग ७

रॅप्टर ७०० हा चारचाकी क्वाड घेतलेला हौशी स्वार आधी सायलेन्सर बदलतो, कारण तो शेजाऱ्यालाही ऐकू जातो. पुढच्या सस्पेन्शनकडे हात लावायचं त्याला सुचतं ते उशिरा, बहुधा एखाद्या वळणावर आतलं चाक हवेत उठल्यावर. क्रम खरं तर उलटा हवा. यामाहाच्या या ६८६ सीसी इंजिनात ताकदीची वानवा नाही. अर्जेंटिनाच्या मार्कोस आणि आलेहांद्रो पात्रोनेली या भावांनी २०१० ते २०१३ अशी सलग चार वर्षं डकार रॅलीतलं क्वाडचं विजेतेपद घराबाहेर जाऊ दिलं नाही, ते रॅप्टर ७०० वरच. सर्वसाधारण स्वाराला आधी कमी पडतं ते पुढचं टोक.

हे टोक बनतं कशाचं? पुढच्या प्रत्येक चाकाला एकावर एक असे दोन त्रिकोणी दांडे. गाड्यांच्या दुनियेत त्यांना विशबोन म्हणतात, क्वाडवाले ए-आर्म म्हणतात. त्यांचं आतलं टोक बुशमधून चासीला, बाहेरचं बॉल जॉइंटमधून चाक ज्यावर बसतं त्या नकलला. मध्ये तिरका उभा शॉकअप. कंपनीतून निघालेला रॅप्टर साधारण ४६ इंच रुंद असतो आणि त्याचं पुढचं चाक नऊ इंचांहून किंचित जास्त वरखाली होतं.

बाजारात मिळणाऱ्या ए-आर्मच्या खोक्यावर ‘+२ +१’ असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा सांगतो, चाक किती इंच बाहेर जाईल. दुसरा सांगतो, किती इंच पुढे. पुढे सरकलेलं चाक लांब उतारावर आणि उडीनंतर क्वाडला सरळ ठेवतं, म्हणून त्या एका इंचाला किंमत आहे. पण खरी करामत बाहेरच्या दोन इंचांची. दोन्ही बाजू मिळून चार इंच, म्हणजे ४६ चे झाले ५०. मोटोक्रॉसच्या ट्रॅकवर क्वाड साधारण एवढेच रुंद असतात. मागचा आस अखंड असतो हे मागच्या भागात आलंच आहे. पुढचं रुंद केलं की मागचा आसही तेवढाच रुंद घ्यावा लागतो, हा खर्च बरेचजण धरायला विसरतात.

रुंदी मात्र सगळीकडे कामाची नाही. अमेरिकेच्या वनखात्याच्या कित्येक वाटांवर पन्नास इंचांहून रुंद वाहनाला मज्जाव आहे, आणि झाडांच्या दाटीत तर प्रत्येक इंच बुंध्याला घासतो. यामाहालाही हे कळून चुकलं होतं. २००९ मध्ये कंपनीने मोटोक्रॉससाठी जवळपास ४९ इंच रुंदीची वायएफझेड ४५० आर आणली, आणि लगेच पुढच्या वर्षी जंगलातल्या शर्यतींसाठी तिचीच ४६ इंची बहीण, ४५० एक्स. घरातल्या दोन मुलींना दोन मापांचे कपडे. तेव्हा आपण कुठे चालवतो, हे खरेदीआधी ठरवलेलं बरं.

आता सगळ्यात जास्त फसगत होते ती जागा. नवे लांब आर्म लावायचे, शॉकअप जुनेच ठेवायचे, आणि मग ‘पुढचं टोक लोण्यासारखं झालंय’ म्हणून कपाळाला हात लावायचा. पहार जितकी लांब तितका धोंडा हलका, हे विहीर खणणाऱ्याला सांगावं लागत नाही. इथे चाक म्हणजे पहार धरणारा हात आणि स्प्रिंग म्हणजे धोंडा. समजा आर्मच्या आतल्या खिळीपासून चाक १६ इंचांवर होतं, ते १८ वर गेलं, आणि शॉकअपची गाठ होती तिथेच राहिली. चाकाला स्प्रिंग दाबणं सोपं झालं आणि तेवढ्याच उसळीला स्प्रिंग दबतेही कमी. हा घाटा दोनदा होतो, म्हणून हिशेब वर्गाचा: सोळा भागिले अठरा, त्याचा वर्ग, म्हणजे ०.७९. दोन इंच वाढवले आणि चाकापाशी जाणवणारा ताठरपणा पाचव्या हिश्शाहून जास्त गेला. शॉकअपमधल्या तेलाचा अडसरही त्याच प्रमाणात ढिला पडतो. पुढचं टोक वळणावर बाहेरच्या बाजूला लोळतं आणि ज्या कामासाठी रुंदी घेतली तेच बिघडतं.

म्हणून आर्म आणि शॉकअप ही एकच खरेदी समजावी. कॅनडाची एल्का, स्वीडनची ओलिन्स, अमेरिकेची फॉक्स यांच्याकडे मागणी नोंदवताना स्वाराचं वजन, आर्मचं माप आणि चालवण्याची जागा विचारली जाते ती याचसाठी. चांगल्या शॉकअपवर बहुधा एकावर एक दोन स्प्रिंगा दिसतात. दोन्ही मिळून दबतात तेव्हा त्या प्रत्येकीपेक्षा मऊ वागतात, आणि छोट्या खडबडाटात हेच हवं. छोटी ठराविक अंतर दबली की एक कडं तिला अडवतं आणि पुढचा सगळा भार मोठी एकटी घेते. उडीवरून उतरताना तो कडकपणा मनगटं वाचवतो. बाजूच्या डबीत नायट्रोजन दाबून भरलेला असतो. ती घरी पान्याने उघडून बघण्याची हौस कुणी करू नये.

‘लाँग ट्रॅव्हल’ हा वेगळा प्रकार. त्यात शॉकअपची खालची गाठ आणखी खाली नेतात, म्हणजे जमिनीपासूनची उंची न वाढवता जास्त लांबीचा शॉकअप मावतो. असे शॉकअप साध्या आर्मवर बसत नाहीत. जुन्या मालाच्या बाजारात स्वस्तात मिळालेली जोडी म्हणूनच पुष्कळदा घरी पडून राहते.

खोक्यात नसलेल्या दोन गोष्टी वेगळ्या आणाव्या लागतात: लांब ब्रेक होज आणि हँडलचं वळण चाकापर्यंत नेणारा लांब टायरॉड. जुन्या टायरॉडचे आटे बाहेर काढून दोन इंच भरून काढण्याचा जुगाड जीवावर बेततो, कारण आत पकडायला आटेच उरत नाहीत. शिवाय टायरॉडचा कंस आर्मच्या कंसाशी जुळला नाही तर चाक वर उचललं जाताना आपोआप वळतं. हँडल सरळ आणि क्वाड तिरका.

पीथमपूरच्या बाहा एसएई इंडिया स्पर्धेसाठी गाडी बांधणारी महाराष्ट्रातली इंजिनिअरिंगची मुलं चाकाच्या या आपोआप वळण्याला बम्प स्टिअर म्हणतात आणि त्यापायी रात्री जागवतात. नागावच्या वाळूत पर्यटकांना फेरी मारून आणणाऱ्या क्वाडला यातलं काही लागत नाही.

रुंदीसाठी स्पेसर घालण्याचा स्वस्त उपाय सगळ्यात वाईट. चाक स्टिअरिंगच्या अक्षापासून लांब जातं, प्रत्येक दगड हँडलला हिसका देतो, बेअरिंगवर ताण येतो, आणि पहारीचा हिशेब काही चुकत नाही. पैसे मोजकेच असतील तर जुने आर्म राहू द्यावेत आणि आहेत त्याच शॉकअपला वजनानुसार स्प्रिंग बसवून तेल बदलून घ्यावं. जंगलवाटेवर चालवणाऱ्याला यापुढे जायची गरजही पडत नाही.

पुढच्या भागात स्टिअरिंग डँपर. तोवर ज्यांच्या दारात क्वाड आहे त्यांनी एक मोजमाप लिहून ठेवावं. पुढची चाकं जमिनीवरून उचलून चासीची उंची मोजायची, मग खाली ठेवून, हेल्मेट-बुटांसह स्वार बसवून पुन्हा मोजायची. फरक चाकाच्या एकूण हालचालीचा साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे रॅप्टरला तीन इंचांच्या आसपास यायला हवा.