यवतमाळचा दावा बासेलच्या कोर्टात

आंतरराष्ट्रीय कायद्याचे नाव काढले की आमच्या शेतमजुरांच्या बैठकीतली माणसे घड्याळाकडे पाहू लागतात. हा विषय हेग-न्यूयॉर्कच्या लोकांचा. राळेगाव-दारव्ह्याच्या माणसाला त्याचे काय, असा एकंदर भाव असतो. वस्तुतः मराठी माणूस या विषयाच्या पाठ्यपुस्तकात फार पूर्वीच जाऊन बसला आहे. १९१० साली सावरकरांनी मार्सेय बंदरात बोटीतून उडी घेतली आणि फ्रेंच पोलिसाने त्यांना परत इंग्रजांच्या हाती दिले. त्यावरून फ्रान्स व इंग्लंड यांच्यात जो वाद झाला त्याचा निवाडा १९११ साली हेगच्या लवादाने दिला. दादरा-नगरहवेली १९५४ साली मुक्त झाल्यावर पोर्तुगालने भारताला हेगच्या न्यायालयात खेचले व त्याचा निकाल १९६० साली लागला. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात नागपूरच्या साळवे घराण्यातले हरीश साळवे भारताच्या बाजूने उभे राहिले, तो निकाल २०१९ चा.

मात्र या तिन्ही ठिकाणी वादी सरकार, प्रतिवादीही सरकार. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाची दारे फक्त राष्ट्रांना उघडी असतात. ज्याच्या पाठीवर फवारणीचा पंप आहे त्याला तेथे पायरीही चढता येत नाही. मग त्याने जावे कोठे? या प्रश्नाचे उत्तर ज्या शाखेत आहे तिला खासगी आंतरराष्ट्रीय विधी म्हणतात. आपल्या जिल्ह्यातील मुलामुलींनी एलएल.एम. करताना विशेष करून शिकावी अशी शाखा आम्हांस हीच वाटते. याचे कारण पुस्तकी नाही.

२०१७ च्या पावसाळ्यात काय झाले ते येथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पऱ्हाटी डोक्याबरोबर वाढलेली, फवारा तोंडावर येणारा. शेकडो शेतकरी-शेतमजूर विषबाधेने रुग्णालयात गेले आणि वीसहून अधिक माणसे दगावली. पुढे सप्टेंबर २०२० मध्ये, म्हणजे त्या हंगामाला तीन वर्षे भरत असताना, विषबाधितांच्या संघटनेने काही देशी-परदेशी संस्थांच्या मदतीने दोन वाटा धरल्या. एक तक्रार ५१ बाधितांच्या वतीने स्वित्झर्लंडच्या सरकारी संपर्क कार्यालयाकडे गेली. मोठ्या कंपन्यांनी परदेशात कसे वागावे याचे जे आंतरराष्ट्रीय दंडक आहेत त्यांच्या आधारे ती केलेली होती. दुसरी वाट दिवाणी दाव्याची. दोन विधवा आणि वाचलेला एक शेतकरी असे तिघे बासेल शहरात सिंजेंटा कंपनीविरुद्ध उभे राहिले. तेथील रीतीप्रमाणे आधी समेटाचा प्रयत्न झाला, तो फसला आणि जून २०२१ मध्ये दावा दाखल झाला. ‘पोलो’ या औषधामुळे, म्हणजे त्यातील डायफेनथियुरॉन या विषामुळे, ही हानी झाली असे वादींचे म्हणणे. कंपनीने ते नाकारले. कोण खरे, हे ठरविणे कोर्टाचे काम. आम्हांला येथे पाहावयाचे आहे ते एवढेच की हा दावा चालवावयास कोणती विद्या लागते.

पहिला प्रश्न, बासेलच कशाला? भोपाळच्या वायुपीडितांचे दावे अमेरिकेतही गेले होते. १९८६ साली न्यूयॉर्कच्या न्यायाधीशाने ते परत पाठविले. हिंदुस्थानातले कोर्ट या कामास अधिक सोयीचे, असे कारण दिले. सोय कोणाची, हे विचारणारा तेथे कोणी नव्हता असे नाही, पण इंग्रजी-अमेरिकी पद्धतीत न्यायाधीशाला असा अधिकार आहे. स्वित्झर्लंडची पद्धत निराळी. प्रतिवादीचे घर जेथे तेथे दावा लावता येतो, आणि ‘गैरसोयीचे’ म्हणून तो परत लावण्याची मुभा तेथे नाही. कंपनीचे मुख्य कार्यालय बासेलमध्ये, म्हणून वाट बासेलची. १९८६ चा तो निवाडा ज्याने नीट अभ्यासला असेल, त्याला ही वाट दिसते.

दुसरा प्रश्न, कोर्ट तिकडचे, मग कायदा कोणाचा? स्वित्झर्लंडच्या १९८७ च्या अधिनियमात सदोष मालाबद्दल एक कलम आहे. ज्याला इजा झाली त्याने निवडावे: उत्पादकाच्या देशाचा कायदा, किंवा जेथे माल घेतला त्या देशाचा. निवड बाधिताची! ही तरतूद आम्ही प्रथम वाचली तेव्हा दोनदा वाचली. मात्र निवडीबरोबर मुदतही येते. तेथील माल-दायित्वाच्या कायद्यात हानी, दोष आणि उत्पादक कळल्यापासून तीन वर्षांची मर्यादा आहे. वर सांगितलेल्या सप्टेंबरचे महत्त्व आता लक्षात यावे.

पण खरी मेख पुराव्यात आहे. औषध आणतो मालक, बिल मालकाच्या नावाचे, फवारतो मजूर. रिकामी बाटली बांधावर फेकली जाते किंवा भंगारात जाते. दोन-तीन औषधे एकाच पंपात कालवलेली असतात. मजूर बेशुद्ध होऊन दवाखान्यात गेला तर केस-पेपरवर औषधाचे नाव येईलच असा भरवसा नाही. बाटलीवरचा बॅच नंबर कोणी टिपून ठेवला नाही, तर सात समुद्रापलीकडला वकील कितीही हुशार असो, तो काय करणार?

आणि भाषा! बासेलच्या कोर्टाची भाषा जर्मन. आपला माणूस म्हणतो, “औषध मारत होतो, भोवळ आली, डोळ्याला दिसेना.” हे आधी इंग्रजीत जाणार, मग जर्मनमध्ये. कपाशीवरच्या विषाला आपण ‘औषध’ म्हणतो. अनुवादकाला ही रीत ठाऊक नसेल तर त्या कागदावर मजूर शेतात गोळ्या-काढा घेत होता असे उतरेल. कोणत्याही विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात हा धडा सापडणार नाही. तो यवतमाळच्या विद्यार्थ्यालाच येतो.

सार्वजनिक शाखा सोडून द्यावी असा याचा अर्थ नव्हे. रॉटरडॅमचा १९९८ चा करार पाहा. घातक रसायन दुसऱ्या देशात पाठविण्यापूर्वी त्या देशाची जाणती संमती घ्यावी असे त्याचे सूत्र आहे. पण यादीत नवे रसायन घालण्यास सर्वांचे एकमत लागते, आणि पॅराक्वाटसारखे तणनाशक वर्षानुवर्षे यादीबाहेर राहिले. ते बाहेर ठेवू पाहणाऱ्यांत आपलेही सरकार होते, हे मजुराच्या पोराला कळलेच पाहिजे. उलट स्वित्झर्लंडने ऑक्टोबर २०२० मध्ये निर्णय घेतला आणि जानेवारी २०२१ पासून डायफेनथियुरॉनसह पाच विषांची निर्यात बंद केली.

आता शिकण्याची वाट. आधी एलएल.बी.: पदवीनंतर तीन वर्षे, किंवा बारावीनंतर पाच. त्यात सार्वजनिक आंतरराष्ट्रीय विधी सक्तीचा असतो. मग एलएल.एम., कोठे एक वर्षाचे, कोठे दोन. प्रवेश घेण्यापूर्वी एवढेच विचारावे की कायद्यांचा संघर्ष हा विषय खरोखर शिकविला जातो, की नुसता पत्रकात छापलेला आहे. प्रबंधाचा विषय जिल्ह्यातला घ्यावा. परदेशी जावयाचे असेल तर केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या पात्र गटांत अनुसूचित जाती व भटक्या-विमुक्तांबरोबर भूमिहीन शेतमजुरांची मुलेही आहेत. ही ओळ आमच्या अनेक कार्यकर्त्यांनाही ठाऊक नसते. ज्याला कॉलेज शक्य नाही, त्याच्यासाठी संयुक्त राष्ट्रांनी या विषयावरील नामांकित अध्यापकांची व्याख्याने इंटरनेटवर फुकट ठेवली आहेत. आम्ही ती रात्री शब्दकोश शेजारी घेऊन ऐकतो. पहिली दहा कठीण जातात. अकराव्यापासून बोलणारा काय टाळतो आहे तेही कळू लागते.