हिवाळ्याचा आकडा, इंजिनाचा आकडा

इंजिन ऑइलच्या डब्यावर ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, २०डब्ल्यू-५० असे आकडे छापलेले असतात. त्यांवरून तेलाचा दर्जा कळत नाही. तेल किती सहज वाहते, म्हणजेच त्याची विष्यंदिता किती, एवढेच ते सांगतात. गॅरेजमध्ये यालाच ‘ऑइल जाड’ किंवा ‘ऑइल पातळ’ म्हणतात. एसएई या अमेरिकी अभियंता संस्थेने १९११ मध्ये तेलांची अशी वर्गवारी प्रथम केली. तिचेच सुधारलेले रूप आज जगभर चालते.

जाड-पातळपणाला इतके महत्त्व का, याचे उत्तर रेल्वेच्या आसावर सापडले. १८८३ मध्ये बीचम टॉवर हा इंग्रज अभियंता रेल्वेच्या आसांना लागणाऱ्या बेअरिंगचे घर्षण मोजत होता. वंगण सोडण्यासाठी त्याने बेअरिंगच्या माथ्यावर छिद्र पाडले, तर आस फिरू लागताच तेल त्या छिद्रातून वर उसळू लागले. छिद्रात बूच मारले, तेही हळूहळू वर सरकून बाहेर पडले. मग तिथे दाबमापक लावला, तेव्हा तेलाचा दाब बेअरिंगवरच्या सरासरी भाराच्या दुपटीवर गेलेला दिसला. फिरणारा आस स्वतःच तेल ओढून निमुळत्या फटीत कोंबत होता आणि त्या दाबावर तरंगत होता. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यावरून भरधाव जाणारी गाडी क्षणभर रस्ता सोडते, तोच हा प्रकार. १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्सने त्याचे गणित मांडले आणि समीकरणाला त्याचे नाव लागले. पण धातूला धातू न लागता यंत्र चालते, हे आधी डोळ्यांनी पाहिले ते टॉवरने. वंगणशास्त्राच्या पहिल्या पानावर त्याचे नाव रेनॉल्ड्सच्या बरोबरीने हवे.

मोटारीच्या क्रँकशाफ्टखालीही असाच तेलाचा पापुद्रा असतो. त्याची जाडी जेमतेम काही मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीचा एक लहानसा अंश. तेल फार पातळ असेल तर भाराखाली हा पापुद्रा तुटतो आणि बेअरिंग झिजते. फार जाड असेल तर ते ढवळण्यातच इंधन खर्च होते आणि गाडी सुरू होताना तेल इंजिनाच्या वरच्या भागात उशिरा पोहोचते. ग्रेड ठरवायची ती या दोन टोकांच्या मध्ये.

डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. या अक्षराआधीचा आकडा थंडीतल्या चाचणीचा असतो. ०डब्ल्यू तेलाची इंजिन फिरवण्याची चाचणी उणे ३५ अंश सेल्सिअसला होते, ५डब्ल्यूची उणे ३०, १०डब्ल्यूची उणे २५, १५डब्ल्यूची उणे २० आणि २०डब्ल्यूची उणे १५ अंशांना. डोंबिवलीजवळच्या कोपरमध्ये जानेवारीची पहाटही सहसा १२-१५ अंशांखाली जात नाही. तिथे २०डब्ल्यू तेलानेही गाडी विनातक्रार सुरू होते. तरीही रात्रभर उभ्या गाडीत ५डब्ल्यू तेल २०डब्ल्यूपेक्षा लवकर वर चढते, हा त्याचा फायदा उरतोच. नव्या इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा तेलाच्याच दाबावर चालते, त्यामुळे तो फायदा आणखी मोलाचा ठरतो.

दुसरा आकडा १०० अंशांवरच्या विष्यंदितेचा. ३० ग्रेडचे तेल तिथे ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक असते, ४० ग्रेडचे १२.५ ते १६.३. साध्या पाण्याची विष्यंदिता २० अंशांना सुमारे एक सेंटिस्टोक, यावरून अंदाज यावा. ‘आपल्याकडे उकाडा जास्त, म्हणून जाड ऑइल घाला’ हा सल्ला इथेच फसतो. मे महिना असो की जानेवारी, थर्मोस्टॅट इंजिनातले पाणी ९० अंशांच्या आसपास राखतो. बाहेर उकाडा वाढला की रेडिएटरच्या पंख्याचे काम वाढते, बेअरिंगमधल्या तेलाला फारसा फरक पडत नाही. दुसरा आकडा ठरतो तो इंजिनातल्या फटी, तेलाचा पंप आणि टर्बो यांच्या रचनेवरून. तो गावाच्या हवामानाचा आकडा नव्हेच, इंजिनाचा आकडा आहे.

एकच तेल थंडीत ५डब्ल्यू आणि गरमीत ३० कसे राहते, यामागे लांबलचक रेणूंची करामत आहे. मूळ तेलात पॉलिमर मिसळतात. गार तेलात त्यांचे रेणू गुंडाळी करून बसतात आणि तेलाला फारशी आडकाठी करत नाहीत. तेल तापले की ते पसरतात आणि प्रवाह रोखून धरतात. सकाळच्या लोकलमध्ये सगळ्यांनी पाठीवरच्या बॅगा पुढे घेऊन अंग चोरले, तर दारापर्यंतची वाट मोकळी राहते. त्याच माणसांनी कोपरे पसरली, तर एकही माणूस न वाढता वाट अडते. तेलातही रेणू तेवढेच, फक्त त्यांचा पसारा बदलतो. मात्र सततच्या रगडपट्टीत हे रेणू तुटतात आणि ४० ग्रेडचे तेल हळूहळू ३० कडे घसरू लागते. तेल बदलण्याचे हे एक खरे कारण. काळा रंग हे तसे कारण नव्हे. काजळी आपल्यात धरून ठेवणे हे तेलाचे कामच आहे.

कुर्ल्याच्या कारखान्यातून प्रीमियर पद्मिनी मोटार निघत असे त्या काळात २०डब्ल्यू-४० हेच नाव गॅरेजमध्ये ऐकू येई. त्याच प्रीमियर कंपनीच्या डोंबिवलीकडच्या कारखान्यात नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ तयार होई. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या त्या जागेला लोक आजही प्रीमियर मैदान म्हणतात. तेव्हापासून इंजिनातल्या फटी अरुंद आणि तेलाच्या वाटा बारीक झाल्या आहेत. ०डब्ल्यू-२० साठी बांधलेल्या इंजिनात जुन्या सवयीने २०डब्ल्यू-५० घालणे म्हणजे त्याची काळजी घेणे नव्हे.

आकड्यांइतकीच अक्षरेही पाहावीत. एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेच्या वर्गवारीत एस हे अक्षर पेट्रोलचे, सी डिझेलचे. एसएन २०१० मधली, एसपी २०२० मधली. पुढचे अक्षर म्हणजे पुढची, अधिक कडक चाचणी. बीएस-६ डिझेल गाडीत काजळीची गाळणी असते. तेलातली धातूंची राख तिच्यात साठते, म्हणून तिथे कमी राखेचेच तेल लागते, उदाहरणार्थ एसीईए या युरोपीय संस्थेच्या वर्गवारीतले सी३. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच तेलातच बुडालेला असल्याने त्यांना जासो या जपानी मानकाची एमए खूण असलेले तेल लागते. मोटारीचे तेल घातल्यास क्लच घसरू शकतो. ‘सिंथेटिक’ हा शब्द मात्र सैल आहे. अमेरिकेत १९९९ मधल्या एका जाहिरात-वादानंतर कच्च्या तेलापासूनच खूप शुद्ध केलेल्या तेलालाही तो लावला जाऊ लागला. म्हणून त्या शब्दावर विसंबण्यापेक्षा डब्यामागची मानके वाचावीत.

कोपरच्या गाडीला उकाड्यापेक्षा तिच्या रोजच्या फेऱ्या जास्त त्रास देतात. घर ते डोंबिवली स्टेशन एवढ्याशा फेरीत तेल पुरते तापत नाही. जळणातून आलेली वाफ आणि न जळलेले पेट्रोल त्यातच राहते, आणि पावसाळी दमट हवेत ही ओल आणखी रेंगाळते. शीळफाट्याच्या कोंडीत तर किलोमीटर वाढत नाहीत, इंजिनाचे तास वाढतात. सरासरी ताशी १५ किलोमीटर वेगाने १०,००० किलोमीटर कापायला सुमारे ६६७ तास लागतात, तर ताशी ५० ने फक्त २००. कंपन्यांच्या पुस्तिकांत अशा वापरासाठी ‘कठीण वापर’ म्हणून तेल बदलण्याची कमी मुदत दिलेली असते. कोपरच्या बहुतेक गाड्यांना तीच लागू पडते.

निवडीचा क्रम सोपा आहे. आधी गाडीच्या पुस्तिकेतली ग्रेड, मग एपीआय किंवा एसीईए मानक, त्यानंतर किंमत. पुस्तिकेत दोन ग्रेड दिल्या असतील, तर जुन्या, तेल खाणाऱ्या इंजिनाला त्यांतली जाड चालते. तेलाची पातळी गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिकने पाहावी आणि ती दोन खुणांच्या मध्ये असावी. वरच्या खुणेच्याही वर तेल भरणे घातकच. काढलेले तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांखाली येते. ते गटारात सोडले तर मोठागावजवळच्या उल्हास खाडीत उतरते. म्हणून ते गोळा करून अधिकृत पुनर्प्रक्रियेकडे पाठवणाऱ्या गॅरेजमध्येच तेल बदलावे.