मनुष्याच्या चुकीचे प्रकार

आगगाड्यांची टक्कर झाली, विमान धांवपट्टीवर कोसळलें किंवा कारखान्यांतील बॉयलर फुटला, कीं चौकशी नेमली जाते. आणि कांहीं महिन्यांनीं अहवालांतून एक वाक्य बाहेर येतें : अपघात मनुष्याच्या चुकीनें झाला. वर्तमानपत्रें तें वाक्य मोठ्या टाइपांत छापतात, कोणास तरी शिक्षा होते, व प्रकरण मिटतें. वैद्यानें रोग्याची नाडी पाहून 'याला आजार झाला आहे' एवढेंच सांगावें, तशांतलाच हा प्रकार होय. आजार कोणता हें कळल्यावांचून औषध ठरत नाहीं. अभियंते आणि मानसशास्त्रज्ञ चुकीचे निरनिराळे प्रकार पाडण्याचा जो खटाटोप करीत आले, त्याचें प्रयोजन हेंच आहे.

इंग्रज मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांच्या आयुष्यांतील एक क्षुल्लक प्रसंग या विषयाच्या अभ्यासकांत प्रसिद्ध आहे. १९७० नंतरच्या कांहीं वर्षांतली ही गोष्ट. ते घरीं चहा करीत होते; चहाचें भांडें झाकण काढून तयार होतें, आणि इतक्यांत मांजर भुकेनें ओरडूं लागलें. रीझन यांनीं मांजराच्या खाद्याचा डबा उघडला, चमचा भरला, आणि तो चहाच्या भांड्यांत रिता केला. चहा करावयाचा हा बेत बरोबर होता, मांजराला खावयास घालावयाचें हाहि बरोबर होता; दोन्ही कामें इतक्या सवयीचीं कीं त्यांकडे लक्ष देण्याची गरजच भासूं नये. बिघडलें तें फक्त चमचा कोठें रिता करावयाचा एवढ्यापुरतें. पुढें रीझन यांनीं लोकांना आपल्या अशा चुकांची रोजनिशी ठेवावयास लावली, आणि १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या 'ह्यूमन एरर' या ग्रंथांत जी विभागणी मांडली ती पुढें जगभर रूढ झाली.

त्या विभागणीचा पहिला प्रश्न साधा आहे : मनांतला बेत बरोबर होता कीं नव्हता? बेत बरोबर असून हात भलतीकडे गेला तर ती हातचूक. बेत बरोबर असून त्यांतील एखादी पायरी मनांतून निसटली तर तो विसर. बेतच मुळांत चुकीचा, पण करणाऱ्यास तो खरा वाटत होता, तर ती समजुतीची चूक. आणि नियम ठाऊक असून तो जाणूनबुजून बाजूला ठेवला तर तो नियमभंग. या चौथ्यास चूक म्हणावें कीं नाहीं याविषयीं वाद होऊं शकेल. रीझन यांनीं त्याला निराळा कप्पा दिला हें योग्यच झालें.

हातचुकीविषयीं सर्वसाधारण समज असा कीं, ती नवख्या माणसाकडून होते. वस्तुस्थिति उलट आहे. नवखा मनुष्य प्रत्येक हालचाल जपून करतो. हात आपोआप चालूं लागतो तो सवयीनंतर, आणि लक्ष दुसरीकडे गेलें कीं तो सवयीच्याच वाटेनें भलत्या ठिकाणीं जातो. म्हणून हातचुकीवर अधिक शिक्षण हें औषध नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेच्या बी-१७ या बाँबफेकी विमानांच्या बाबतींत एक विचित्र प्रकार वारंवार घडे. विमान सुखरूप उतरल्यावर वैमानिक पंखांचे फ्लॅप आंत घेण्याऐवजीं चाकेंच वर घेई, आणि तें अजस्र धूड धांवपट्टीवर पोट घांसत बसे. १९४३ सालीं आल्फान्स चापानिस या तरुण मानसशास्त्रज्ञाकडे हा प्रश्न आला. त्यांनीं वैमानिकांची बुद्धि तपासण्याऐवजीं त्यांची बैठक पाहिली. चाकांची कळ आणि फ्लॅपची कळ शेजारीं शेजारीं होत्या, आणि हाताला दोन्ही सारख्याच लागत. चापानिस यांनीं चाकांच्या कळीवर रबराचें लहानसें चाक बसविलें व फ्लॅपच्या कळीवर पाचरीच्या आकाराचा तुकडा. आतां फरक बोटांनाच कळूं लागला. १९४७ सालीं पॉल फिट्स व रिचर्ड जोन्स यांनीं 'वैमानिकाची चूक' म्हणून गणलेले ४६० अनुभव तपासले, तेव्हां त्यांतील जवळजवळ निम्म्यांत एका कळीऐवजीं दुसरी ओढली गेल्याचें आढळलें. मोठ्या प्रवासी विमानांत चाकांच्या दांड्याची मूठ आजहि चाकाच्या आकाराची असते, आणि हा आकार अमेरिकेच्या सरकारी नियमांनींच ठरवून दिलेला आहे.

समजुतीची चूक याहून अवघड. हातचूक करणाऱ्यास ती बहुधा लागलीच उमगते. समजुतीच्या चुकींत मात्र मनुष्य जितका मन लावून काम करील तितका अधिक खोल रुततो, कारण समोर येणारी प्रत्येक खूण तो आपल्या समजुतीशीं जुळवून घेतो. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यांतील थ्री माइल आयलंड येथील अणुवीजकेंद्रांत २८ मार्च १९७९ रोजीं पहांटे नेमकें हेंच घडलें. दाब कमी करण्यासाठीं उघडलेली एक झडप पुन्हां मिटलीच नाहीं. नियंत्रणकक्षांतील दिवा मात्र विझला, आणि चालकांनीं झडप मिटली असें मानलें. तो दिवा झडपेची स्थिति दाखवीतच नव्हता. झडपेला मिटण्याचा विजेचा हुकूम गेला, एवढेंच तो सांगत होता. इकडे दुसऱ्या मापकावर पाण्याची पातळी चढत होती. यंत्रणा तुडुंब भरूं द्यावयाची नाहीं ही शिकवण चालकांच्या अंगीं मुरलेली. म्हणून त्यांनीं आपत्कालीं पाणी पुरविणारे पंप आवरले. प्रत्यक्षांत उघड्या झडपेवाटे पाणी निघून जात होतें व अणुभट्टी तापत होती. दोन तासांहून अधिक काळ हें चाललें. अखेर नव्या पाळीसाठीं आलेल्या एका माणसास संशय आला, आणि त्या वाटेवरील दुसरी झडप मिटविण्यांत आली. पहांटेपासूनच्या समजुतीचें ओझें त्याच्या डोक्यावर नव्हतें. भट्टीच्या गाभ्याचा सुमारें निम्मा भाग वितळला असें पुढें उघड झालें. येथें कळीचा आकार बदलून भागलें नसतें. झडपेची खरी स्थिति सांगणारा दिवा हवा होता, आणि 'आपली समजूत खोटी असेल तर काय दिसेल' असें विचारणारा कोणी तरी दुसराहि हवा होता.

अभियंत्यांची आणखी एक विभागणी आहे, ती माणसाच्या मनांत डोकावत नाहीं. काम केलेंच नाहीं, कीं केलें पण चुकीचें, भलत्या क्रमानें वा भलत्या वेळीं केलें, इतकेंच ती बाहेरून पाहते. अमेरिकेच्या अणुनियामक मंडळासाठीं १९८३ सालीं ॲलन स्वेन व हेन्री गटमन यांनीं केलेल्या पुस्तिकेंत अशा चुकांचे संभव आंकड्यांत दिले आहेत. दहाहून अधिक कलमांची लेखी यादी असून प्रत्येक कलमापुढें खूण करण्याची सोय नीट वापरली तर एखादें कलम वगळलें जाण्याचा संभव हजारांत ३ धरतात. ती सोय नसेल तर हजारांत १०. खूण करावयाच्या एका चौकटीची किंमत यावरून ताडतां येते. हिशेबाला ही पद्धत उत्तम. पण कलम कां वगळलें गेलें, हें ती सांगत नाहीं.

विसर आणि नियमभंग हे दोन प्रकार राहिले. ते बहुधा एकमेकांच्या सोबतीनें येतात, आणि त्यांचें सर्वांत दारुण उदाहरण स्कॉटलंडांतील क्विंटिन्सहिल या आडबाजूच्या सिग्नल-केबिनींत २२ मे १९१५ रोजीं घडलें. रात्रपाळीचा सिग्नलमन मीकिन व दिवसपाळीचा टिन्स्ले यांनीं आपसांत एक सोय केली होती. टिन्स्ले यानें सकाळीं सहाला चालत येण्याऐवजीं कधीं कधीं अर्ध्या तासानें लोकल गाडीनें यावें; मधल्या काळांतील नोंदी मीकिन यानें चिठोऱ्यावर लिहून ठेवाव्या, आणि टिन्स्ले यानें त्या आपल्या अक्षरांत वहींत उतरून घ्याव्या. हा नियमभंग खरा, पण त्यांत दुष्टावा नव्हता. कोणत्याहि कचेरींत शोभून जाईल असा तो शेजारधर्म होता. त्या सकाळीं दोन्ही बाजूंचे फांटे मालगाड्यांकडे गेलेले असल्यामुळें टिन्स्ले ज्या लोकलनें आला तीच गाडी विरुद्ध दिशेच्या मुख्य रुळावर, केबिनीच्या समोरच, उभी करण्यांत आली. टिन्स्ले नोंदी उतरण्यांत गुंतला आणि ती गाडी विसरला. सैनिकांची खास गाडी त्याच रुळावरून येण्यास त्यानें सिग्नल दिला. ती लोकलवर आदळली, आणि मिनिटाभरांत दुसऱ्या बाजूनें आलेली एक्सप्रेस त्या ढिगांत घुसली. लांकडी डबे, गॅसचे दिवे. लगेच आग भडकली. दोनशेंहून अधिक माणसें मेलीं, त्यांत बहुतेक सैनिक होते.

अशा विसरावरचा उपाय त्या केबिनींत हाताशींच होता. रूळ अडलेला असतां सिग्नलच्या दांड्यावर एक लोखंडी कडें अडकवावें, म्हणजे हात विसरला तरी दांडा हलत नाहीं. लोकलचा फायरमन नियमाप्रमाणें केबिनींत येऊन वहींत सही करून गेला. दांड्यावर कडें आहे कीं नाहीं हें त्यानें पाहिलें नाहीं. कडें मीकिन यानें अडकविलें नाहीं, टिन्स्ले यानेंहि नाहीं. त्या केबिनींत तें अडकविण्याचा प्रघातच सुटला होता. न्यायालयानें टिन्स्ले यास तीन वर्षांची व मीकिन यास अठरा महिन्यांची शिक्षा दिली.

अशा प्रसंगीं सुरक्षाशास्त्रज्ञ आतां एक कसोटी सुचवितात : तितक्याच लायकीचा दुसरा मनुष्य त्याच जागीं, त्याच सकाळीं असता, तर तो वेगळें वागता काय? पाळीच्या सोयीसंबंधानें उत्तर टिन्स्ले व मीकिन यांच्याविरुद्ध जाईल; विसरासंबंधानें तसें जाईलच असें नाहीं. कडें अडकविणें हेंहि शेवटीं स्मरणावरच अवलंबून होतें. रुळांतून सौम्य वीज खेळवून, गाडी उभी असेतों सिग्नलचा दांडा आपोआप जखडून ठेवण्याची युक्ति अमेरिकेंत १८७२ पासून ठाऊक होती, आणि ब्रिटनमध्येंहि ती अनेक ठिकाणीं बसविली जात होती. केबिनींतून दोन्ही बाजूंचे रूळ स्वच्छ दिसतात अशा जागीं तिची निकड कमी समजली जाई. क्विंटिन्सहिलच्या केबिनींतून रूळ स्वच्छ दिसत होते.