‘लीन’ कार्यपद्धती : काही गैरसमज

रुग्णालयांच्या कारभारात ‘लीन’ हा शब्द आता वरचेवर कानी पडतो. मराठीतील ‘लीन’शी त्याचा संबंध नाही, इंग्रजीत त्याचा अर्थ सडपातळ, चरबी नसलेला. टोयोटाच्या कार्यपद्धतीला हे नाव जॉन क्राफ्चिक यांनी १९८८ साली दिले. बहुतेक गैरसमजांचे मूळ या नावातच आहे, असे आम्हांस वाटते. सडपातळ म्हणजे काटछाट आणि काटछाट म्हणजे कमी माणसे, असा अर्थ सहज लावला जातो.

वस्तुतः या पद्धतीत काढून टाकावयाचा असतो तो रुग्णाचा वाया जाणारा वेळ. लाखांदूरहून सकाळच्या एसटीने निघालेल्या रुग्णाचा विचार करावा. केसपेपरची रांग, डॉक्टरांची रांग, रक्त देण्याची रांग, अहवालाची प्रतीक्षा, तो दाखविण्यासाठी पुन्हा तीच रांग आणि शेवटी औषधे. प्रत्यक्ष तपासणीस काही मिनिटे लागतात. दिवस मात्र संपतो. ऐन रोवणीच्या हंगामात सोबत आलेल्याचीही मजुरी बुडते. मधुमेहासारख्या आजारांत तपासण्या ठरलेल्या असतात. अशा जुन्या रुग्णांचे रक्त नोंदणी होताच घेतले, तर डॉक्टरांसमोर ते अहवालासह एकदाच जातील. त्यासाठी एकही परिचारिका कमी करावी लागत नाही.

ही पद्धत गडेगावच्या अशोक लेलँडसारख्या कारखान्यांत शोभावी, असा आक्षेपही घेतला जातो. रुग्ण एकसारखे नसतात, हे खरेच. परंतु औषधांचा साठा आणि नमुन्यावरील चिठ्ठी यांची शिस्त एकच असू शकते. अमेरिकेतील सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाने २००२ पासून टोयोटाचीच पद्धत अंगीकारली.

प्रमाणपत्रांचा मोहही असाच. मुंबईच्या डबेवाल्यांना ‘फोर्ब्स’ने ‘सिक्स सिग्मा’ प्रमाणपत्र दिल्याची कथा १९९८ मधील एका लेखावरून पसरली; असे प्रमाणपत्र दिलेच गेले नव्हते. त्यांचे काम चालते ते झाकणावरील साध्या खुणांवर.

सर्वांत घातक समज असा की, जे रोज वापरात येत नाही ते सारे अनावश्यक. ९ जानेवारी २०२१ रोजी मध्यरात्रीनंतर भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातील नवजात शिशू कक्षास आग लागली. १० बालके दगावली, ७ वाचविता आली. रात्रपाळीची जादा परिचारिका, भरलेले अग्निशामक, मोकळा ठेवलेला जिना यांचा उपयोग हिशेबाच्या वहीत वर्षानुवर्षे शून्य दिसतो. ‘लीन’च्या नावाखाली यांवर रेघ मारण्याचा प्रस्ताव आल्यास विश्वस्तांनी त्यावर सही करू नये. ज्या टोयोटाचा दाखला दिला जातो, तेथे दोष दिसताच उत्पादन थांबविण्याचा अधिकार साध्या कामगारासही आहे, आणि त्या खोळंब्याचा खर्च कंपनी सोसते.