दुधीला फुलं येतात, मग दुधी का येत नाही?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून देतोय.

मी पुण्यात राहतो, कोड लिहितो. फ्लॅट सातव्या मजल्यावर. दिवाळीनंतर आई गावचं घर बंद करून माझ्याकडे आली. येताना मोगऱ्याचं रोप आणि पुडीत बांधून दुधीच्या बिया घेऊन आली. जानेवारीत आम्ही बिया एका मोठ्या ड्रममध्ये लावल्या. मार्चमध्ये वेल ग्रिलवर चढला, पांढरीशुभ्र फुलं आली. पण एकही दुधी धरेना. रोज सकाळी फुलं खाली पडलेली.

आई म्हणाली, "इथं काही रुजायचं नाही रे. मला आपलं गावी सोड."

हे ती फक्त वेलाबद्दल बोलत नव्हती. मग मी नीट बघायला बसलो.

दुधीच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी वेगळी फुलं येतात. नर फुलाचा देठ लांब, सडपातळ. मादी फुलाच्या मागे बोटाएवढा छोटा दुधी आधीच दिसतो. सुरुवातीला बहुतेक नर फुलंच येतात आणि गळतात. त्यात बिघडलेलं काहीच नसतं. खरा प्रश्न पुढचा. मादी फुलाला पराग मिळाला नाही, तर मागचा छोटा दुधी पिवळा पडून गळतो. दुधीची फुलं उमलतात संध्याकाळी, आणि पराग पोचवायचं काम मुख्यतः रात्री उडणारे पतंग करतात. आमच्या बाल्कनीत ते फारसे फिरकत नसावेत.

म्हणजे हे काम आपणच करायचं. संध्याकाळी ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या काढा आणि मधला परागांचा भाग मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. एवढंच. दोन-चार दिवसांत छोटा दुधी फुगायला लागला, तर जमलं. लाल भोपळ्याला हेच करायचं, पण भल्या सकाळी, कारण त्याची फुलं तेव्हा उमलतात.

टोमॅटोचं गणित वेगळं. त्याच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात. सकाळी फुलांच्या घोसाला टिचकी मारली तरी पराग सुटतो. पण पारा ३५ अंशांच्या वर जायला लागला की फुलं गळतात. अशा वेळी खत ओतू नका, दुपारी सावली द्या.

आणि मोगरा? जानेवारीच्या शेवटी मी त्याची छाटणी केली, तेव्हा आई चिडली होती, "हातपाय तोडलेस बिचाऱ्याचे!" पण मोगऱ्याला कळ्या नव्या फुटीवर येतात. आता पाणी आणि भरपूर ऊन मिळाल्यावर रोज मूठभर फुलं निघतायत.

दुधीच्या सात मादी फुलांपैकी चार धरली. पाडव्यानंतर पहिला दुधी आईनेच कापला. अर्धा शेजारच्या काकूंना दिला, आणि तिथे तासभर गप्पा मारून आली. रात्री मला म्हणाली, "पावसाळ्यात दोडका लावू. आणखी एक ड्रम आण."

ड्रम आणलाय. तुमच्या वेलाचं काय चाललंय, व्हॉइस नोट पाठवून सांगा. भेटू पुढच्या भागात!